नऊ फुटांच्या रस्त्यावर

चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही रोह्याहून गणपती आणायला पेणला निघालो. आम्ही म्हणजे मी, माझी पत्नी वसुधा आणि आमची नवी, सात जणांची गाडी. आजवर आमचा गणपती रेल्वेने यायचा. पेणला पॅसेंजरमध्ये बसायचं, मूर्ती मांडीवर घ्यायची. समोरचा अनोळखी माणूसही आपले पाय आवरून घ्यायचा. गाडी घेताना घरच्यांना मी जी कारणं दिली, त्यांत गणपती पहिला होता. बाकीची कारणं हिशोबात बसत नव्हती. घरात माणसं तीन, आणि त्यांतली आई गाडीत चढत नाही. तिला पायरी उंच पडते.

खिंड ओलांडून नागोठण्यात उतरलो. पुलाखाली अंबा नदी गढूळ, काठोकाठ वाहत होती. पेणला गाडी गल्लीत शिरेना, म्हणून ती बाहेर लावून चालत कारखान्यात गेलो (मूर्ती घडवतात त्या जागेला पेणमध्ये कारखानाच म्हणतात). आमची शाडूची मूर्ती रुमालाने तोंड झाकून तयार होती. कारखान्याचे मालक सोडायला गाडीपर्यंत आले आणि गाडी बघून म्हणाले, “एवढी गाडी एका बाप्पाला? काका, माझी मूर्तींची अख्खी फळी मावली असती की.” आम्ही हसलो. मूर्ती मागच्या सीटवर ठेवली, दोन्ही बाजूंना उशा लावल्या, पट्टा बांधला. गरम बटाटेवडे खाल्ले, पोह्याचे पापड घेतले आणि निघालो.

वडखळच्या पुढे महामार्ग दोन्ही बाजूंनी तुंबला होता. अर्धी मुंबई गावाला निघाली होती. शेजारच्या रिक्षावाल्याने सांगितलं की उजवीकडच्या गावातून एक रस्ता थेट कासूला निघतो. “पण तुमची गाडी मोठी हाय, बघा बाबा,” असंही तो म्हणाला. मी गाडी वळवली.

रस्ता सुंदर होता. एका बाजूला खारबांध (खाडीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेला मातीचा बांध), दुसऱ्या बाजूला उतार आणि खाली भातशेती. बगळे उभे होते. वसुधाने काच खाली केली.

पुढे एक नवरा-बायको सायकल हाताने ढकलत चालले होते. कॅरिअरवर प्लास्टिकचा क्रेट, त्यात पेंढा, आणि पेंढ्यात रुमालाने झाकलेला गणपती. तो हँडल धरून होता, ती दुसऱ्या बाजूने मूर्ती. रस्ता नऊ फूट असावा. माझी गाडी आरशांसकट सव्वासहा फूट. घराच्या फाटकासाठी मीच टेप लावून मोजली होती. सायकल दोन फूट. म्हणजे जागा उरत होती. मी हॉर्न दिला.

सायकल दोन फूट असते ती भिंतीला टेकवलेली. मी माणसं मोजलीच नव्हती. ती दोघं बाजूला सरकता सरकता उतारावर गेली, मागचं चाक चिखलात घसरलं आणि क्रेट कलंडला. गाडीचा त्यांना स्पर्शही झाला नाही.

मी उतरून धावलो. त्याने रुमाल उचलून पाहिलं.

“हात गेला गो,” तो बायकोला म्हणाला.

आशीर्वादाचा हात मनगटापासून तुटला होता. त्याने आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. ती वसुधाकडे बघून म्हणाली, “ताई, यंदा पयल्यांदाच आमचे घरात बसायचा होता. आतापावत मोठ्या दिरांकडं असायचा. उद्या सकाली सगली भावकी येनार.” त्यांचं घर समोर दिसत होतं, पण खंडित मूर्ती दारात न्यायची नसते.

तो म्हणाला, पेणला परत जातो, काय उरलं असेल ते आणतो. मी त्याला गाडीत बसायला सांगितलं. त्याने आधी गाडीकडे पाहिलं, मग महामार्गाच्या दिशेने.

“वर लायनीत उभी राहनार तुमची गाडी. मी सायकलीवर आदी पोचन, शेठ.”

ते खरंच होतं. मूर्तीचे पैसे मी पुढे केले, ते त्याने घेतले आणि टांग टाकून तो निघाला. ती बांधावर बसली, हात तुटलेला गणपती मांडीवर घेऊन. वसुधा तिच्याशेजारी बसली. थोड्या वेळाने उठून माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, “आपला द्या त्यांना. आपण जाऊ परत.”

ती म्हणाली तेव्हा मला ते पटलं, हे मी इथे लिहून ठेवतो. तरी मी हिशोब करत बसलो. आपली मूर्ती महिन्यापूर्वी ठरवलेली, आईने सांगितलेल्या रंगाची. परत जायचं तर त्या रांगेत तीन तास. पेणला दुसरी मिळेलच कशावरून, हे मी वसुधाला विचारलंही. ती म्हणाली, “तेच तिलाही लागू आहे.”

तेवढ्यात मागे एक टेम्पो आणि दोन मोटारसायकली येऊन थांबल्या. माझी गाडी सगळा रस्ता अडवून उभी होती, आणि वळवायला जागा नव्हती. टेम्पोवाला ओरडला, “काका, रस्ता इकत घेतला काय?” गाडी पुढेच न्यावी लागणार होती. मला निमित्त मिळालं. “चल,” मी वसुधाला म्हणालो. ती आली, पण पुढे बसली नाही. मागे मूर्तीजवळ बसली.

कासूला पुन्हा महामार्गाला लागलो. तिथे एक जागा होती गाडी लावायला, तिथून मूर्ती हातात घेऊन चालत मागे जाता आलं असतं. मी ती जागा पाहिली आणि पुढे गेलो. त्या माणसाला दुसरा गणपती मिळाला की नाही, मला माहीत नाही. त्यांच्या गावाचं नावसुद्धा मी विचारलं नव्हतं.

रोह्याला पोचलो तेव्हा आई दारात तांब्या घेऊन उभी होती. तिने माझ्या पायांवर पाणी घातलं, मूर्तीवरून तांदूळ ओवाळून टाकले आणि रुमाल काढून गणपती नीट न्याहाळला.

“गाडीचं बरं झालं,” ती म्हणाली. “धक्का नाही ना लागला कुठे?”

वसुधा माझ्याकडे बघत होती.

“नाही,” मी म्हणालो आणि गणपती घरात घेतला.