शेकायच्या पिशवीवर चाललेला ट्रक

बेसिंगस्टोकहून आम्ही निघालो तेव्हा ताईने ट्रकच्या दारात उभं राहून तिसऱ्यांदा विचारलं, "डबा घेतलास ना?"

डबा म्हणजे स्टीलचा, पाच किलोचा, वरपर्यंत भरलेला. खाली चिवडा, मध्ये बाकरवडी, वर धपाट्यांची चळत. स्कॉटलंडमध्ये दुकानं नसतात अशी ताईची पक्की समजूत आहे आणि तीस वर्षं इंग्लंडमध्ये राहूनही ती ढळलेली नाही.

माझी भाची रेवा स्टिअरिंगवर होती. ताई आणि दाजींची ही एकुलती एक मुलगी. दाजी तिथल्या सरकारी हॉस्पिटलात डॉक्टर. रेवाने फार्मसीची डिग्री घेतली, दोन वर्षं दुकानाच्या काउंटरमागे गोळ्या मोजल्या आणि एके दिवशी साडेसात टनी सेकंडहँड ट्रक विकत घेऊन दारात आणून उभा केला. दाजी आठ दिवस बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, "पहिलं काम वेळेत करून दाखव. नाही जमलं तर गुपचूप फार्मसीत परत जायचं." रेवा हो म्हणाली.

ते पहिलं काम हेच होतं. स्लाऊच्या गोदामातून लग्नाच्या दीडशे सोनेरी खुर्च्या उचलायच्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत स्कॉटलंडमधल्या एका खेड्याच्या हॉलवर पोचवायच्या. लग्न दोन वाजता. मी कऱ्हाडहून महिनाभर पाहुणा म्हणून आलेलो. चाळीस वर्षं डिझेल पंप आणि नोझल दुरुस्त करण्यात घालवलेला माणूस, त्यामुळे सोबतीला मीच जाणार हे न सांगता ठरलं. खरं सांगायचं तर मी फुगलोच होतो. पोरीला वाटेत दोन गोष्टी शिकवाव्यात असा विचार होता.

स्लाऊत गोदामातल्या सरदारजींनी खुर्च्या चढवून दिल्या, आणि मोटरवेला लागलो. वाटेत रेवाने दोनदा गाडी थांबवून सक्तीची विश्रांती घेतली. तिथे ड्रायव्हरने किती तास चालवलं हे गाडीतलं यंत्रच लिहून ठेवतं. आमच्याकडचे ड्रायव्हर ते यंत्र पहिल्याच घाटात खाली फेकतील. टाकी मोठी होती, शरद ऋतूत ट्रक घेतला तेव्हाच काठोकाठ भरलेली, त्यामुळे डिझेल घ्यायची वेळच आली नाही. बर्मिंगहॅमच्या पुढे झाडांवर बर्फ दिसायला लागलं. संध्याकाळी आम्ही स्कॉटलंडच्या अलीकडे शॅपजवळच्या एका शेतघरात मुक्कामाला उतरलो. चारी बाजूंना उघडेबोडके फेल (तिकडे डोंगराला फेल म्हणतात) आणि मेंढ्या. घरमालकीण मार्गारेट सत्तरीची, एकटीने शेती सांभाळणारी.

"आज रात्री बोचरी थंडी पडणार, पेट," ती रेवाला म्हणाली. तिकडे 'पेट' म्हणजे आपलं 'बाळा'.

रेवा खुर्च्यांचे पट्टे तपासायला मागे गेली. जाताना म्हणाली, "मामा, सीटच्या खाली अ‍ॅडिटिव्हचा बॉटल आहे. ते टँकमध्ये टाकाल का प्लीज? विंटर आहे ना."

मी सीटखाली हात घातला. हाताला डबा लागला.

आणि मला आठवलं. सकाळी डबा ठेवायला जागा नव्हती म्हणून तिथली एक निळी बाटली मीच काढून ताईच्या घरातल्या चपलांच्या रॅकवर ठेवली होती. डिझेलला कसली औषधं पाजायची, हा विचार तेव्हाही मनात आला होता. कऱ्हाडात चाळीस वर्षांत कुणी पाजली नाहीत.

"टाकलं का, मामा?" मागून आवाज आला.

"टाकलं," मी म्हणालो.

इतकं सहज तोंडातून गेलं की माझं मलाच नवल वाटलं.

सकाळी अंगणातला पाण्याचा हौद वरपासून खालपर्यंत काच झाला होता. खिडकीत ठेवलेली माझी खोबरेल तेलाची बाटली घट्ट गोठली होती. ती मी बेसिनमध्ये गरम पाण्यात उभी केली, डोक्याला तेल चोपडलं आणि मार्गारेटचा नाश्ता करून ट्रकमध्ये बसलो. ट्रक एका झटक्यात सुरू झाला. मी मनातल्या मनात निळ्या बाटलीला वेडावून दाखवलं.

शेतघरापासून अर्धा मैल चढ चढलो असू. इंजिनाने दोन आचके दिले, ताकद गेली आणि ट्रक रस्त्याच्या कडेला गप्प झाला.

"वॅक्सिंग वाटतो," रेवा म्हणाली. "पण अ‍ॅडिटिव्ह तर टाकलं होतं."

"छे छे. हवा धरलीय," मी ठणकावून सांगितलं. "लाइनमध्ये हवा गेली की असंच होतं. तू बस, मी काढतो."

केबिन पुढे कलती करून मी फिल्टरजवळचा हातपंप मारायला घेतला. वीस मिनिटं मारला. बोटं बधिर झाली, नाकाचा शेंडा आहे की गळाला ते कळेना, पण डिझेल काही पुढे सरकेना. मग मी शेवटचा उपाय काढला. टाकीखाली पेटता बोळा धरायचा. काश्मीरच्या बाजूला जाणारे आमचे ड्रायव्हर धरतात.

"मामा, नो! आग नाही!" रेवा किंचाळली. "दीडशे खुर्च्या आहे मागे! मी पण आहे!"

मग तिने शांतपणे फिल्टर खोलला आणि माझ्यासमोर धरला. आत पांढुरका, दाट लगदा. बघताच मला खिडकीतली खोबरेलची बाटली दिसली. तेच ते. डिझेल थिजलं होतं. चाळीस वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला त्याचं हे रूप मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"हे शरदातला डिझेल आहे, विंटरचा नाही," ती स्वतःशीच बोलत होती. "म्हणून तर बॉटल घेतला होता. मग का नाही चाललं?"

तिचे डोळे भरले होते. घड्याळात साडेआठ वाजले होते. मला स्वतःची इतकी लाज वाटली की थंडीसुद्धा विसरलो.

"रेवा, बाटली तुमच्या चपलांच्या रॅकवर आहे," मी म्हणालो. "सीटखाली डबा आहे. मी काल खोटं बोललो."

मला वाटलं, आता इंग्रजीत काहीतरी ऐकावं लागणार. पण ती म्हणाली, "ओके. मामा, पळा. मार्गारेटकडून गरम पाणी आणा. खूप."

अठ्ठावन्नाव्या वर्षी मी त्या उतारावर खरंच पळालो. मार्गारेटने माझं मोडकं इंग्रजी ऐकून घेतलं, दोन किटल्या चढवल्या आणि कपाट उघडलं. आतून निघाल्या चार हॉट वॉटर बॉटल (गरम पाण्याने भरायच्या रबरी शेकायच्या पिशव्या). प्रत्येकीला लोकरीचा अंगरखा. एकीवर मेंढी विणलेली.

"माझ्या गुडघ्यांना चालतात, तर तुमच्या ट्रकलाही चालतील," ती म्हणाली आणि पिकअप काढली.

तिच्या गोठ्याजवळ डिझेलची मोठी टाकी होती. मी तिकडे बोट दाखवलं, तर मार्गारेटने मानच हलवली. ते लाल रंगाचं, शेतीच्या सवलतीचं. रस्त्यावरच्या गाडीत सापडलं तर पोलीस रेवाचा ट्रकच घेऊन जातील. मला ट्रकपाशी सोडून ती गावातल्या पंपावर गेली आणि दोन जेरीकॅन भरून हिवाळी डिझेल घेऊन आली.

तोवर आमचा दवाखाना सुरू होता. रेवाने गाडीत जादा ठेवलेला नवा फिल्टर बसवला, त्याला मेंढीवाली पिशवी माझ्या मफलरने बांधली, दुसरी पाइपवर, उरलेल्या दोन टाकीतून पाइप निघतो तिथे. वरून फडकी गरम पाण्यात बुडवून शेक. मी आयुष्यात ताईच्या बाळंतपणातही एवढी सेवा केली नसेल. फिल्टर बदलल्यावर मात्र लाइनमध्ये खरोखरच हवा शिरली. "आता मामा, तुमचा टर्न," रेवा म्हणाली. मी कान लावून हातपंप मारत राहिलो आणि फुसफुस थांबून पंप हाताला जड लागला तेव्हा तिला खूण केली.

इंजिन धडधडलं. मार्गारेटने मला मिठी मारली. कऱ्हाडात हे सांगितलेलं नाही.

त्या खेड्यात पोचायला दीड वाजला. नवरीचा बाप चौकड्यांचा किल्ट (पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा घागरा) घालून, उघड्या पोटऱ्यांनी बर्फात उभा होता. त्याने आम्हाला शिव्या दिल्या नाहीत, सरळ चार खुर्च्या उचलल्या. मागोमाग वीस-पंचवीस किल्टवाले धावले. दोनला पाच कमी असताना शेवटची खुर्ची लागली. लग्न वेळेवर लागलं, पण बारा वाजता कबूल केलेल्या खुर्च्या दीडला आल्या हे खरंच होतं.

रेवाने तिथूनच दाजींना फोन केला. "बाबा, लेट झाला. डिझेल वॅक्स झालं. अ‍ॅडिटिव्ह मी विसरले." माझं नावही घेतलं नाही. परतीच्या वाटेवर मी डब्याला हात लावला नाही.

बेसिंगस्टोकला पोचलो तेव्हा दाजी दिवाणखान्यात बसलेले. त्यांनी रेवाला समोर बसायची खूण केली. ते काही बोलायच्या आत मी उभा राहिलो.

"दाजी, ती विसरली नव्हती. बाटली मी काढली. आणि टाकली म्हणून खोटंही मीच बोललो."

"का काढलीस रे?" ताईने विचारलं.

"तुझ्या डब्याला जागा हवी होती."

ताई तडक स्वयंपाकघरात गेली.

"पेशंट सांगतो, औषध घेतलं," दाजी म्हणाले. "आणि घेतलेलं नसतं. तीस वर्षं हेच ऐकतोय." मग रेवाकडे वळले. "तू काय केलंस?"

तिने सगळं सांगितलं. फिल्टर, लगदा, पिशव्या, शेक. दाजी एकेक प्रश्न विचारत गेले. मग म्हणाले, "डायग्नोसिस बरोबर होतं. पुढचं काम कधी आहे?"

"शनिवारी. कार्लाइल."

"अहो, मला शनिवारी सुट्टी आहे," दाजी माझ्याकडे बघून बोलले, पण ऐकवलं तिला. "केबिनमध्ये जागा असेल का?"

रेवाचा चेहरा इतका उजळला की मलाच रडू आलं. "आहे, बाबा. पण सीटच्या खाली बॉटल. डबा मांडीवर."

त्या शनिवारचा फोटो माझ्या कऱ्हाडच्या वर्कशॉपमध्ये लावलेला आहे. टाय लावलेले डॉक्टर, मांडीवर पाच किलोचा डबा. शेजारी खिळ्याला मार्गारेटने भेट दिलेली मेंढीवाली पिशवी टांगली आहे. बाहेर चाळीस डिग्री ऊन असतं, येणारा प्रत्येक ड्रायव्हर ती कशासाठी म्हणून विचारतो आणि मी पदरचं काही न घालता, ती मिठी सोडून, सगळं सांगतो. सवय मात्र एक बदलली आहे. कुणी "टाकलं का?" असं विचारलं की मी आधी खाली वाकून बघतो, मगच हो म्हणतो.