बदल्यात काय ठेवायचं

आमच्या घरात खोटं बोलायला सक्त मनाई होती, लपवालपवीला मात्र पुढे परवानगी मिळाली. ती मिळाली अब्बा निवृत्त झाल्यावर, आणि ती त्यांनी स्वतःच स्वतःला दिली.

अब्बा मोजणी खात्यात होते. सगळी नोकरी भोर आणि वेल्ह्याच्या शिवारांत बांधावरची भांडणं मोजण्यात गेली. मोजणीला गेले की कुणाच्या घरचा चहासुद्धा घ्यायचे नाहीत. भाकरी घरची, पाण्याची बाटली घरची. "एकाचा च्या घेतला की दुसऱ्याला वाटतं साखळी तिकडं झुकली," म्हणायचे. निवृत्तीच्या दिवशी हाताखालच्या माणसांनी वर्गणी काढून त्यांना एक पितळी ओळंबा दिला. दोरीला टांगून जमिनीवरची खूण बरोबर खाली धरायचं ते टोकदार वजन. आता कुणाची मोजणी हातात उरली नाही याची खात्री करूनच त्यांनी तो घेतला आणि टीव्हीच्या वरच्या खिळ्याला टांगला. त्याला कुणी हात लावायचा नाही. दर जुम्म्याला अब्बाच तो चिंचेनं घासायचे. अम्मी म्हणायची, "माज्या भांड्यांस्नी कदी आसं घासलं न्हाई."

माझा भाऊ मस्कतला नोकरीला होता. दोन हजार सालानंतरची गोष्ट. एका ईदला तो आला तो हातात मावणारं एक जीपीएस यंत्र घेऊन. आभाळातल्या उपग्रहांवरून आपण उभे आहोत ती जागा सांगणारं. अब्बांनी ते हातात घेतलं आणि शीरखुर्मा गार झाला. भावानं त्यांना जिओकॅशिंग नावाचा खेळही शिकवला. कुणीतरी एक डबा कुठंतरी लपवतो आणि त्या जागेचे आकडे इंटरनेटवर टाकतो. दुसऱ्यानं यंत्र घेऊन तो शोधायचा, आतल्या वहीत सही करायची, डबा होता तसा परत लपवायचा आणि इंटरनेटवर खरं खरं लिहायचं, सापडला किंवा सापडला नाही. डब्यात बारीकसारीक वस्तू असतात. आवडली तर घ्यावी, पण बदल्यात तिच्या तोलाची किंवा तिच्याहून चांगली वस्तू ठेवावी. खायचं काही ठेवू नये, वासानं उंदीर-माकडं येतात. शोधताना चारचौघांच्या नजरेत येऊ नये.

"मोठ्या मान्सांचा लपंडाव," अम्मीनं नाक मुरडलं. पण नियम ऐकून अब्बांचे डोळे लकाकले होते. पहारा ठेवायला कुणी नाही आणि तरी सगळ्यांनी नियम पाळायचे, असा खेळ त्यांना आयुष्यात पहिल्यांदा भेटला होता.

त्या काळी आमच्या दोन तालुक्यांत मिळून बोटांवर मोजण्याइतकेच डबे होते. पुण्याची हौशी माणसं येऊन ठेवून जायची. पहिला आम्ही शोधायला गेलो सारोळ्याकडे, नीरेच्या पुलाच्या अलीकडे. स्कूटरवर अब्बा आणि मागे अम्मी, मी मागून वडापच्या जीपनं. अब्बा यंत्र धरून बांधाबांधानं फिरायला लागले आणि तिथंच घोळ झाला. पंचक्रोशीत हा माणूस मोजणीवाला म्हणून माहीत. बघता बघता माणसं जमली.

"सायेब, रस्ता कुटनं जानार म्हनायचा?" एका म्हाताऱ्यानं काकुळतीला येऊन विचारलं. "माजी हीर वाचंल न्हवं?"

अब्बांना खोटं बोलता येईना आणि खरं सांगावं तर डब्याचं गुपित फुटणार. "रस्ता न्हाई वो. म्या रिटायर झालो. फिरायला आलोय," एवढंच ते म्हणाले. त्यावर कुणाचाच विश्वास बसला नाही. रस्ता नाही अशी म्हाताऱ्याच्या विहिरीची शपथ घेऊन आम्ही हात हलवत परतलो, आणि चार दिवसांनी भोरच्या बाजारात आमच्याच कानावर आलं की सारोळ्याला रस्ता रुंद होतोय.

तोडगा काढला अम्मीनं. ती म्हणाली, "तुमी खाली मान घालून हुडका. कुनी आलं तर म्या सांगते, भाजी खुडतोय."

"खुडत नसशील तर ते खोटं," अब्बा म्हणाले.

"मग खुडते की!"

तेव्हापासून आमच्या प्रत्येक डब्याबरोबर एक रानभाजी घरी आली. सारोळ्याच्या डब्याचा तांदुळजा, नसरापूरच्या डब्याची घोळ, भाटघरच्या बाजूचा कुर्डू. अम्मी ओचा भरेपर्यंत अब्बा डबा शोधून सही करून मोकळे व्हायचे. नंतर नंतर अम्मीला डब्यातल्या वस्तूंचीही गोडी लागली. एकदा तिनं केसांचा एक चिमटा उचलला आणि बदल्यात सेफ्टीपिनांचा जुडगा ठेवला. अब्बांनी विचारलं, "तोलाचा हाय का?" ती फणकारली, "बाईला इचारा सेफ्टीपिनीची किंमत. चिमट्याहून लई कामाची." अब्बांनी विचार करून मान डोलावली. मी पोट धरून हसले होते. आजही बाजारात तांदुळज्याची जुडी दिसली की मला नीरेचा पूल दिसतो. लोक भाजीवाल्याशी घासाघीस करतात, मी मुकाट घेऊन येते.

असे सगळे डबे झाले, एक राहिला. तो होता वेल्ह्याच्या पुढे, एका डोंगराच्या सोंडेवर, करवंदीच्या जाळ्यांत. ती सोंड अब्बांच्या ओळखीची. नोकरीला लागल्यावर पहिल्या मोजणीचं निशाण त्यांनी तिथंच रोवलं होतं. "सगळं खोरं दिसतं तितनं," ते सांगायचे. म्हणून तो डबा त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवला होता, पोरं ताटातला गोड घास ठेवतात तसा.

पहिल्या खेपेला वर ढग उतरलेले. हातभर अंतरावरचं दिसेना. जाळ्यांत हात ओरबाडून घेऊन आम्ही परत आलो. दुसऱ्या दिवशी भोरच्या सायबर कॅफेत मी टंकायला बसले. अब्बा शेजारच्या खुर्चीत, टोपी मांडीवर.

"सापडला असंच टाकू का?" मी वैतागून म्हटलं. "पुन्यात बसून कोन बगतंय?"

"आपुन बगतोय की," अब्बा म्हणाले. "ल्ही, सापडला न्हाई."

दुसऱ्या खेपेला निम्म्या चढावर ते खाली बसले. ओठ निळसर, श्वास भात्यासारखा. मी घाबरून गेले. पुण्याच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून सांगितलं की चढ-उतार बंद, कायमचा. अब्बांनी शहाण्या मुलासारखी मान हलवली. घरी आल्यावर यंत्र पुसून कपाटात ठेवलं. पण रोज अस्रच्या नमाजानंतर ते काढायचे, अंगणात उभे राहायचे, त्या डब्याचे आकडे लावायचे. यंत्रावरचा बाण वेल्ह्याकडे वळायचा. ते थोडा वेळ त्या दिशेला बघायचे आणि यंत्र बंद करायचे. मला ते बघवायचं नाही, मी आत निघून जायचे. अम्मी मात्र स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत उभी राहायची.

पाऊस सरल्यावर एक दिवस जेवताना अम्मी सहज म्हणाली, "एवड्या पावसात त्यो डबा काय वर ऱ्हातोय? घरंगळला आसंल खाली. पायथ्याला बगून येऊ या की. चढायचं न्हाई, काय न्हाई."

अब्बांचा घास हातात राहिला. "व्हय की," ते म्हणाले. "आसं बी झालं आसंल."

भाड्याची जीप करून आम्ही गेलो. डोंगराच्या पायथ्याला एक ओढा, ओढ्याकाठी उंबर, उंबराखाली दगडांची रास. आदल्या आठवड्यात अम्मी तिच्या मावसबहिणीकडे म्हणून वेल्ह्याला एकटीच जाऊन आली होती, हे मला तिथं उभं राहिल्यावर आठवलं. ती लगबगीनं भाजी खुडायला वाकली, आणि खुडता खुडता सारखी त्या दगडांकडे बघत होती. अब्बांनी यंत्र काढलंच नाही. काठी टेकत सावकाश दगडांशी गेले, एक दगड सरकवला, आणि आतून हिरव्या फडक्यात गुंडाळलेला डबा काढला.

मी तो डबा लगेच ओळखला. आमच्याच घरचा मसाल्याचा डबा होता. राखेनं घासून, उन्हात वाळवून, लाल झाकणाला हिरवा रंग फासलेला. अब्बांनी झाकण उघडलं. आत कोरी वही, पेन्सिल, सेफ्टीपिनांचा जुडगा आणि तोच केसांचा चिमटा. त्यांनी डबा नाकाजवळ नेला. आमच्या वर्षाच्या तिखट मसाल्याचा वास राखेला थोडाच जुमानतो! मला एवढ्या लांबून येत होता.

अम्मी पाठमोरी. खुडायचं थांबली होती, पण वळत नव्हती. माझा जीव टांगणीला लागला. या माणसानं उभ्या आयुष्यात कुणाचा हद्दीचा खोटा दगड खपवून घेतला नव्हता. बांध सरकवणाऱ्या सख्ख्या चुलतभावाविरुद्ध कागद केला होता. आता ते काय बोलणार आणि अम्मीनं ते कसं ऐकायचं?

अब्बा खाली बसले. वहीत पहिल्या पानावर सही केली, सावकाश, मोजणीच्या नकाशावर करायचे तशी. मग चिमटा उचलून सदऱ्याच्या खिशात घातला. आणि दुसऱ्या खिशातून त्यांनी पितळी ओळंबा काढला.

तो त्यांनी बरोबर का आणला होता, हे मला आजतागायत कळलेलं नाही. सोंडेवरचा डबा खरंच घरंगळून सापडला तर त्यात ठेवायला असेल. तो त्यांनी अम्मीच्या डब्यात ठेवला, दोरी नीट गुंडाळून, आणि झाकण लावलं.

"अब्बा, चिमट्याच्या बदल्यात?" मी न राहवून म्हटलं.

"तोलाचं ठिवायचं आसतं," ते म्हणाले.

परतीच्या वाटेवर अम्मीची बडबड थांबेना. गडी खूश झाला, बेत फत्ते झाला, असं तिला वाटत होतं. मलाही वाटत होतं. संध्याकाळी कॅफेत अब्बा म्हणाले, "ल्ही. वरचा डबा, सापडला न्हाई."

अम्मी मुद्दाम बरोबर आली होती. ती ताडकन उठली. "सापडला न्हाई कसा? हातात हुता तुमच्या! सही केली न्हवं?"

"त्यो वरचा न्हवता."

अम्मीचा चेहरा पडला. खुर्चीत बसून ती पदराशी चाळा करायला लागली. कॅफेवाला दुसरीकडे बघायला लागला. मला अब्बांचा असा राग आला की की-बोर्ड उचलून आपटावासा वाटला. एका बाईनं एवढं केलं, आणि यांना अजून बांधाची पडलीय!

"आता तुज्या अम्मीच्या नावानं खातं काड," अब्बा मला म्हणाले. "नवा डबा ठिवला तर ठिवणाऱ्याचं नाव लागतं. वरच्या डब्याच्या लई जवळ चालत न्हाई, पर म्या अंदाज घेतलाय, अंतर भरपूर हाय. जागेवाल्याला तेवडं इचारून घिऊ." मग अम्मीकडे वळून म्हणाले, "वास जाया पायजे त्याचा. न्हाईतर माकडं नेतील."

जागेवाला शेतकरी म्हणाला, "ठिवा की, डबा काय पानी मागतोय?" डबा बदलला, आकडे गेले, परदेशातल्या कुणीतरी तपासून मान्य केले. अम्मीनं त्याला नाव दिलं 'मसाल्याचा डबा'. आणि पहिला शोधणारा म्हणून तिथं अब्बांचं नाव लागलं. वरच्या डब्याखाली शेवटपर्यंत 'सापडला नाही' हेच राहिलं. तो चिमटा अम्मीनं त्यानंतर रोज लावला.

त्या डब्यावर अम्मीचा फार जीव. ज्यानं ठेवला त्यानं निगा राखायची, हा नियम. दर पावसाळ्यानंतर ती जायची, वही सुकी आहे का बघायची, गंजलेल्या पिना बदलायची. माणसं येत होती, सह्या करत होती, किरकोळ वस्तू नेत-ठेवत होती. ओळंबा मात्र प्रत्येकानं जिथल्या तिथं ठेवला. त्याच्या तोलाचं कुणाच्या खिशात निघालं नसावं.

अब्बा गेल्यानंतरच्या हिवाळ्यात मी अम्मीला घेऊन गेले. आधी मी एकटी सोंडेवर चढले. करवंदीच्या जाळीत हात घातला आणि डबा सहज लागला. वहीत अब्बांचं नाव लिहावं असं फार वाटलं. मग माझंच लिहिलं आणि खाली उतरले.

अम्मी उंबराखाली डबा मांडीवर घेऊन बसली होती. ओळंबा तिच्या मुठीत. टीव्हीच्या वरचा खिळा अजून रिकामाच होता.

"अम्मी, घे तो घरी," मी म्हटलं. "तुजाच डबा हाय. कोन काय म्हननार हाय?"

तिनं मूठ उघडली, ओळंबा पदरानं पुसला, आणि डबाभर नजर फिरवली. मग केसातला चिमटा काढून हातात धरला, थोडा वेळ दोन्हीकडे बघत राहिली, आणि चिमटा परत केसात खोचला.

"घिऊ कसा? बदल्यात काय ठिवू?" ती म्हणाली.

तिनं ओळंबा आत ठेवला, झाकण घट्ट लावलं आणि दगड होता तसा लावला. लांबून एक माणूस बांधानं येताना दिसला, तशी ती उठली आणि ओचा धरून भाजी खुडायला वाकली.