चित्रात चिकटलेल्या अक्षता

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. भाऊ टेंभेकरांच्या चित्रांबद्दल कोणी काही विचारलं, की मी चहा मागवायचो आणि विषय बदलायचो. आता डॉक्टरांनी चहाही बंद केलाय.

भाऊ म्हणजे काशीचे मोठे चित्रकार. 'कार्तिक' ही त्यांची शेवटची चित्रमालिका देशभर गाजली. पंचगंगा घाट, पहाटेचं धुकं, उंच बांबूंच्या टोकांना टोपल्यांत लावलेले आकाशदिवे. त्या चित्रांतल्या पायऱ्या पाण्यात कुठे शिरतात ते कळत नाही. दिवे वर आहेत की पाण्यात, तेही नाही. बघता बघता माणूस अर्धवट झोपेत गेल्यासारखा होतो.

भाऊ गेल्यावर या मालिकेच्या कॅटलॉगचं काम आमच्या संग्रहालयाने माझ्याकडे दिलं. कॅटलॉग म्हणजे नुसती यादी नव्हे. चित्र कुठे, कसं झालं, ते पुराव्यानिशी लिहायचं असतं. मी एकेका चित्रावर दिवा बाजूने, तिरका धरला. याला रेकिंग लाइट म्हणतात. समोरून न दिसणारे रंगाचे उंचवटे त्यात उठून दिसतात. धुक्याच्या रंगात मला तांदळाचे दाणे दिसले. भिंगाखाली त्यांना कुंकवाची लाली.

"टेक्श्चर है," आमचे डायरेक्टर म्हणाले. "बड़े कलाकार हैं, कुछ भी मिला देते हैं."

मला पटेना. मी दूधविनायक गल्लीत भाऊंच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी, राधाकाकू, वाती वळत बसल्या होत्या. त्या माझ्या आईच्या मैत्रीण, त्यामुळे मला अरेतुरे.

"काकू, चित्रांत अक्षता कशा?"

त्या हसल्या. "सांडायच्या रे. त्यांना धीर कुठे होता?"

मग कळलं. गुडघे गेल्यावर भाऊंना घाटाच्या पायऱ्या बंद झाल्या होत्या. त्यांच्या खोलीच्या खिडकीतून दिसते ती शेजारची भिंत. काकू मात्र कार्तिकस्नानाला रोज पहाटे पंचगंगेवर जायच्या. ओल्या केसांनी परत आल्या, की भाऊ म्हणायचे, सांग. काकूंना सांगण्याची एकच रीत ठाऊक होती, व्रताच्या कहाणीची. ऐकणाऱ्याने मुठीत अक्षता धरायच्या, मधे बोलायचं नाही, कहाणी संपली की अक्षता देवापुढे टाकायच्या.

"मी सांगायचे, आज धुकं असं, की नावेतला मल्लाह आवाजावरून ओळखावा. दिवे असे, की कोणी टांगलेच नाहीत, आपले आपण थांबलेत. की हे अर्ध्यातच उठले कुंचल्याकडे. मूठ सुटायची. देवाच्या अक्षता रंगात."

"म्हणजे ही चित्रं..."

"त्यांचीच. पण बघितलं मी होतं. एवढी एक ओळ लिहिशील?"

"लिहितो," मी म्हणालो.

डायरेक्टरांनी मसुदा वाचून चष्मा काढला. "श्रीधरजी, लोग आँखों देखा घाट देखने आते हैं. सुना-सुनाया कौन देखेगा?"

"पर खिड़की से घाट दिखता ही नहीं, सर."

"तो खिड़की मत लिखिए."

मी खिडकी लिहिली नाही. लिहिलं ते असं: 'कार्तिकात चित्रकार रोज पहाटे घाटावर बसून रंगवत.' अक्षतांना 'पोताचा प्रयोग' म्हटलं. माझं प्रमोशन तोंडावर होतं, हेही सांगून टाकतो.

ते वाक्य गावभर झालं. मल्लाह पर्यटकांना भाऊंची बसायची पायरी दाखवू लागले. पुढे तिथे दगडी पाटी लागली. काकू त्या पाटीवरून स्नानाला उतरत राहिल्या. मी ती पाटी टाळून शिंदे घाटाने जाऊ लागलो.

रिटायर झालो, तरी धीर होईना. अखेर गेल्या कार्तिकात एका पहाटे गेलो. काकू फार थकल्या होत्या. मला ओळखायला त्यांना वेळ लागला.

"काकू, एक सांगायचं होतं."

"आधी माझं ऐक." त्यांनी माझ्या हातावर अक्षता ठेवल्या आणि मूठ मिटवली. "आटपाट काशी होती. हे रोज पहाटे घाटावर जायचे. पायरीवर बसून रंगवायचे. मी आपली घरी वाती वळत. मला कुठलं दिसायला? दिवे त्यांनीच पाहिले."

वाक्य माझं होतं. गल्लीने त्यांना ते इतकी वर्षं ऐकवलं, की त्यांना तेच आठवू लागलं होतं.

मी तोंड उघडलं. त्यांनी बोट वर केलं. "मधे बोलू नये."

कहाणी पुरी होण्याआधीच त्यांचा डोळा लागला. मी मूठ तशीच घेऊन गल्ली उतरलो. खाली पंचगंगेवर दाट धुकं होतं. दिवे कोणी टांगलेच नसावेत, तसे थांबले होते.

माघात काकू गेल्या.

छापलेली चूक पुढच्या आवृत्तीत दुरुस्त होते, असं मी नवीन मुलांना शिकवायचो. आवृत्ती कधीतरी निघेल, तीत त्यांची ओळही येईल. ती वाचायला काकू नसतील. अक्षता अजून माझ्याजवळ आहेत, देवापुढे टाकायला हात होत नाही. मला एवढंच म्हणायचं होतं: काकू, ते तुम्ही पाहिलं होतं.