चावा कुणाला दिसतो

मेलेनाइतेचे वरचे दात लहानपणापासून पुढे होते. ओठ मिटायचे तर हनुवटीला सुरकुती पडायची. तिला स्वतःला त्याचं फारसं काही नव्हतं. तोंगा देशातल्या वावाऊ बेटांवरच्या आपल्या गावात ती तिसरीच्या पोरांना शिकवायची, रविवारी चर्चमध्ये वरच्या पट्टीत गायची, आणि देवानं ते गाणं दात बघून नाकारल्याचं कधी ऐकिवात आलं नाही.

पण तिच्या आत्याला त्याचं फार होतं, आणि आमच्याकडे आत्याला वाटलं की संपलं. वडिलांची बहीण म्हणजे देवाखालोखाल. काही घरांत तर देवच खालोखाल. भावाच्या पोरांनी तिला नाही म्हणायचं नसतं. तिनं डुक्कर मागितलं तर डुक्कर द्यायचं, चटई मागितली तर चटई. लविनिया आत्यानं दात मागितले.

ऑकलंडहून आली होती तेव्हा. जेवायला बसल्यावर सगळ्यांदेखत म्हणाली, “हिचं दार सदा उघडंच गं. माश्या जातील आत.” सगळे हसले. मेलेनाइतेचा बापही हसला. बहिणीच्या विनोदाला न हसणारा भाऊ तोंगात अजून जन्मायचा आहे.

मग आत्या तिला घेऊनच गेली. ऑकलंडच्या डॉक्टरानं काम चांगलं केलं, हे सांगायलाच हवं. जबडा लहान, दात जास्त. म्हणून सुळ्यांच्या मागची एकेक छोटी दाढ काढली, वर दोन, खाली दोन. मग तार बसवली. मोकळ्या झालेल्या जागेत पुढचे दात हळूहळू मागे येणार, मागच्या दाढा थोड्या पुढे सरकणार, आणि वरचे-खालचे एकमेकांच्या खाचेत बसले की चावा जुळणार. दोन वर्षांचं काम. पहिले काही महिने तिकडे काढून ती परत आली, आणि पुढची देखभाल वावाऊच्या नेइआफू शहरातल्या दवाखान्यातल्या सिसिलियाकडे आली. सिसिलिया तिच्या काकांची मुलगी, दातांची डॉक्टर. ऑकलंडला विचारून तार आवळायची, मेलेनाइते दोन दिवस पेज पिऊन राहायची, आणि जागा खरंच भरत होत्या. ओठ आपोआप मिटायला लागले होते. आरशासमोर ती ते पुन्हा पुन्हा करून बघायची.

काम अर्ध्यावर आलं आणि आत्याच्या मुलीचं लग्न ठरलं. आत्या आली, भाचीचं तोंड उघडायला लावलं आणि म्हणाली, “ही सायकलची साखळी अजून आहेच का? फोटोत लोखंड नको मला.”

दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात घेऊन गेली.

“सिसिलिया, पक्कड आहे ना तुझ्याकडे?”

“आत्या, आत्ता काढता येणार नाही. जागा अर्ध्याच भरल्यात. पुढचे दात आत कललेत, त्यांची मुळं अजून सरळ व्हायचीत. आत्ता सोडले तर दात कुठेही जातील. खालचे दात वर टाळूला टेकतील. चावा बसणार नाही.”

“चावा कुणाला दिसतो? दात दिसतात.”

“ऑकलंडचे डॉक्टर काय म्हणतील?”

“त्याला पैसे कुणी दिले? आणि तुझ्या शिकण्याच्या वेळी विमानाचं तिकीट कुणी काढलं होतं?”

सिसिलियानं मेलेनाइतेकडे पाहिलं. मेलेनाइतेनं छताकडे पाहिलं. एकीनं ‘नको’ म्हटलं असतं तर दुसरीला धीर आला असता. पण दोघी चांगल्या घरच्या, वळण लागलेल्या मुली. डॉक्टरीण दवाखान्याच्या पाटीवर होती, खुर्चीशेजारी नुसती भाची उभी होती. तिनं पक्कड उचलली.

“बघ, किती पटकन झालं,” आत्या म्हणाली. “उगाच दोन वर्षं सांगतात.”

दात धरून ठेवायला सिसिलियानं रात्री लावायची एक पट्टी करून दिली. लग्नघरात पन्नास माणसं चटईला चटई लावून झोपलेली. ती पट्टी कुठल्या तरी उशीखाली गेली आणि पुन्हा दिसली नाही.

लग्नाचा फोटो अजून भिंतीवर आहे. आमच्याकडे लग्नाच्या फोटोत कुणी हसत नाही. कमरेला जुन्या मानाच्या चटया गुंडाळून सगळे खटल्याला उभे राहिल्यासारखे उभे. पंचवीस माणसं, आणि दात एकाचाही दिसत नाही.

पुढे सिसिलिया म्हणाली होती तेच झालं. काढलेल्या दाढांच्या जागा पुन्हा उघडल्या, डुकराचं मांस तिथे अडकायला लागलं. दाढा टोकावर टोक टेकायच्या, मधे घास दळलाच जायचा नाही. खालचे दात टाळूला टोचून तिथे कायमचा हुळहुळेपणा आला. मेलेनाइते अळूची पानंसुद्धा एका बाजूनं चावायची. चर्चमधल्या बायका म्हणायच्या, “दाढा काढल्या ना, म्हणून. दाढ कधी काढू नये.” सिसिलियाला खरं कारण ठाऊक होतं. ती मान खाली घालून भजनाचं पान शोधायची.

दोन वर्षांनी आत्या पुन्हा आली. या वेळी तिची नजर मेलेनाइतेच्या भावाच्या मुलीवर, बारा वर्षांच्या इलाइसानेवर गेली.

“हिचेही तसेच आहेत गं. हिलाही नेते.”

मेलेनाइतेचा भाऊ हसायच्या तयारीत होताच.

“दात सरळ करायला माझी ना नाही,” मेलेनाइते म्हणाली. “पण एकदा सुरू केलं की डॉक्टर ‘झालं’ म्हणेपर्यंत तार निघणार नाही. मग लग्न असो नाहीतर मयत.”

“असं? आणि हे कोण ठरवणार?”

“मी. मी तिची आत्या आहे.”

भावानं एकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे. कुणाच्या बाजूनं हसायचं ते त्याला कळेना. लविनिया आत्यानं आपला घास सावकाश चावून गिळला. तिला वाईट वाटलं नव्हतं; उलट आपल्या वळणावर गेलेलं कुणीतरी घरात निघालं, असा थोडा मानच तिच्या डोळ्यांत होता. “बरं,” ती म्हणाली, “तू म्हणशील तसं.”

मेलेनाइतेनं मग भाचीची हनुवटी धरून तिचं तोंड उघडलं आणि दिव्याकडे वळवून बघितलं. इलाइसानेला दात सरळ करून हवेत का, हे कुणीच विचारलं नाही. मेलेनाइतेनंही नाही.