बळीची फळी

उचगावच्या आमच्या घरामागचा गोठा मी बळकावला, असं माझे दीर भर पंगतीत सांगतात. साफ खोटं आहे. शेवटची म्हैस विकल्यावर गोठा रिकामाच पडला होता. मी फक्त तो खरवडून धुतला, फरशी घातली आणि तिथे टेबल सॉ, म्हणजे टेबलातून वर-खाली होणाऱ्या गोल पात्यानं लाकूड कापायचं यंत्र, आणून ठेवला. दिवसभर शाळेत गणित शिकवून आल्यावर मला लाकूड कापायला आवडतं. कुणाला मालिका आवडतात, कुणाला भिशी; मला भुसा आवडतो.

यंदा दिरांनी पुन्हा म्हैस घ्यायचं ठरवलं. दिवाळीच्या पाडव्याला सगळं कोल्हापूर म्हशी सजवून मिरवणार आणि आपण नुसते बघत उभे राहणार, हे त्यांना सहन होत नव्हतं. "वैनी, पाडव्याला म्हस येणार. तुमचं ते यंत्र हलवा की," ते म्हणाले. माझं डोकंच फिरलं. भांडण वाढतंय असं बघून सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्तींनी, निवाडा दिला. "माझ्या पितळी भांड्यांच्या कपाटाला काचंची दारं करून दाव. पाडव्याआधी बसली तर गोठा तुझा, न्हायतर म्हशीचा."

दारांच्या पट्ट्या मी हां हां म्हणता कापल्या. घोडं अडलं ते खाचेपाशी. काच बसायला पट्टीच्या कडेला पायरीसारखी खाच लागते. ती अगदी कडेला पाडायची तर फिरतं पातं फेन्सला भिडवावं लागतं. फेन्स म्हणजे ज्या सरळ आडव्या पट्टीला टेकवून लाकूड पुढे सरकवतात ती. माझी ॲल्युमिनियमची आहे. पातं तिला लागलं की दोन्हींचा सत्यानाश. म्हणून मी पातं जरा लांब ठेवून पाहिलं, आणि उरलेली कड पटाशीनं तासली. उंदरानं कुरतडल्यासारखी खाच झाली. दिरांनी तिच्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "काच बसंल वैनी, पण नाचंल."

त्या रागात मला उपाय सुचला. फेन्सच्या तोंडावर लाकडाची एक सरळ फळी लावायची आणि पात्याला ती खुशाल खाऊ द्यायची. पातं अर्धं फळीत, अर्धं बाहेर. मागचं ॲल्युमिनियम सुरक्षित. फेन्स जगावी म्हणून ती फळी मरणार, तेव्हा मी तिचं नाव ठेवलं बळीची फळी. वखारीतून प्लायवूडचा चांगला सरळ तुकडा आणला, दोन्हीकडून चिकटणारी टेप लावून दाबून बसवला आणि मशीन सुरू केलं. पातं वर यायला लागलं, फळीला लागलं मात्र, आणि फळी सुटून टेबलावर आडवी झाली. मी गुडघ्यानंच बटण दाबून मशीन बंद केलं.

फेन्सवरून बोट फिरवलं तर तेल! मी गोठ्यातूनच ओरडले, "आत्ती, मशीनला तेल कुणी लावलं?"

आत्ती हात पुसत आल्या. "मीच की. शुक्रवारच्या शुक्रवारी लावते."

"अहो, पण का?"

"का म्हंजे? म्हशीच्या शिंगास्नी लावत न्हवतो व्हय? गोठ्यात जे उभं हाय, त्याला तेल नगो? गंजून जाईल की."

आणि मी इतके दिवस समजत होते की मशीन चांगल्या प्रतीचं आहे म्हणून चकाकतंय! हसावं की रडावं कळेना. त्यांना म्हैसच हवी आहे असं मी धरून चालले होते, आणि त्या मी शाळेत गेल्यावर माझ्या मशीनची जनावरासारखी निगा राखत होत्या. मला भरून आलं. तेल मात्र थिनरनं पुसून काढलं.

आता टेपवर भरवसा उरला नव्हता. मग छाती करून मी फेन्सलाच आरपार भोकं पाडली आणि पाठीमागून स्क्रू मारून फळी आवळली. स्क्रू फळीच्या निम्म्यातच थांबतील असे आखूड घेतले, म्हणजे पात्यासमोर लोखंड येणार नाही. पातं टेबलाखाली उतरवलं, फळी त्याच्यावर येईल इतकी फेन्स सरकवली, मधे ॲल्युमिनियम येत नाही ना हे वाकून वाकून पाहिलं, आणि मशीन सुरू करून पातं सावकाश वर घेतलं. आवाज बदलला, प्लायवूडचा जळकट वास आला, आणि फळीत अर्धचंद्र कोरत पातं वर आलं. फळी तसूभर हलली नाही. मी एकटीच टाळ्या पिटत नाचले. चाळिशी उलटलेली बाई नाचली, बघायला कुणी नव्हतं याचंच वाईट वाटलं.

त्यानंतर पट्टीमागून पट्टी अशी सरकली की बस्स. खाच काटकोनात, कड सरळ. दारं जोडली, काचा बसवल्या. दिरांनी दार धरून गदागदा हलवलं, कान लावून ऐकलं. काच काही नाचली नाही.

पाडव्याच्या आदल्या दिवशी कागलहून म्हैस घेऊन टेम्पो दारात आला. सवयीनं दिरांचा हात गोठ्याकडे गेला. आत्ती मधे येऊन उभ्या राहिल्या आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात टेम्पोवाल्याला म्हणाल्या, "पावणं, तिकडं न्हाय. म्हस ह्याच्या मोटारीच्या शेडात बांधा. हितं माझ्या सुनंचा कारखाना हाय."

दीर मोटार बाहेर काढायला किल्ली शोधत आत गेले.