टेम्पोत वाटलेली गोळी

टेम्पोत कोन कोन हुतं ते आधी सांगते. मी, माझी धाकटी जाऊ, तिची सून, टोळीची मुकादमीन आन टेम्पो चालवनारा दादा. बाकीच्या बाया पुढच्या वस्तीवर चढायच्या हुत्या. तिसगावच्या अंगाला कांदा काढायला निघालो हुतो.

आमच्या टोळीत टेम्पो सुरू झाला की मुकादमीन पदराची गाठ सोडती आन ज्या-तीला अंगदुखीची गोळी देती. वर पानी प्यायचं. मग दिवसभर वाकलं तरी कंबर कुरकुर करत न्हाई. मीबी घ्यायचे.

आमचे मालक गेल्यावर माझ्या छातीत दुखलं हुतं. तवा डाक्टरनं रक्त पातळ ठेवायची गोळी लावून दिली, ती मी नेमानं घेते. ह्या दोन गोळ्या संगट घ्यायच्या न्हाईत, हे मला ठाव न्हवतं. मुकादमीनीला तरी कुटं ठाव.

घरी बसून माझं पोट भरलं असतं. सरकारचा निराधाराचा पगार येतो, रेशन हाय. पोरगी सोनईला दिली, ती तिच्या संसारात. पर घरात बोलायला कोन न्हाई. टेम्पोत कुनीतरी म्हनायचं, "सरक की म्हातारे, निम्मी जागा तूच आडवलीस." तेवढ्यासाठी मी जायचे. गुडघे थांबले असते तर तेबी गेलं असतं, म्हनून गोळी.

काही दिस परसाकडला डांबरावानी काळं हुत हुतं. कुनाला बोलले न्हाई. बोलले असते तर घरी बसवली असती. त्या सकाळी गोळी गिळली, आन थोड्या वेळानं डोळ्यापुढं अंधारी आली. जावंच्या मांडीवर पडले. दादानं कांद्याचं रान सोडून टेम्पो नगरला दवाखान्यात नेला.

डाक्टर म्हनले, पोटात आतून रक्त गेलंय, चढवावं लागंल, बदल्यात कोन देनार हाय का.

पुढचं जावंनं मला मागून सांगितलं. तीच आधी उठली. मला ती आक्का म्हनती. "माझं घ्या. आक्काशी बांधावरून भांडताना लई उसळतं." मग तिला हातावरच्या गोंदनाचं भ्या वाटलं.

"हे चालतं का वो?"

"कधीचं हाय?" नर्सबाईनं इचारलं.

"लग्नाच्या आधीचं."

"मग चालतंय."

बोटाला टोचून बघितलं तर रक्तच कमी. नर्सबाई म्हनली, "मावशी, तुमालाच चढवायची पाळी यील." सून लेकराला अंगावर पाजती, तिलाबी न्हाई म्हनले. मुकादमीनीनं वय साठ सांगितलं, कार्डावर सदुसष्ट निघालं. "लिवनारानं चुकीचं लिवलंय," म्हनून वाद घातला, पर घेतलं न्हाई. शेवटी दादानं दिलं. माझ्या खाटंपाशी येऊन म्हनला, "मावशी, आता बरी झालीस की टेम्पो तूच चालवशील बग."

सोडताना डाक्टरनं बजावलं, छातीची गोळी आपल्या मनानं बंद करायची न्हाई, आन ती अंगदुखीची पुन्यांदा तोंडात घालायची न्हाई. दुखलं तर मला इचारा. त्यांनी साधी गोळी दिली. तिच्यावर घरातलं काम हुतं. दिवसभर वाकनं हुत न्हाई.

मुकादमीन एकदा येऊन गेली. डोळ्याला पदर लावून म्हनली, "मला काय ठाव, माय."

"मला तरी कुटं ठाव हुतं. च्या घे," मी म्हनलं.

आता ती कुनाला गोळी देत न्हाई म्हंत्यात. जाऊ येती, पर रानातून दमून आलेली, उभ्या-उभ्या इचारून जाती. सकाळी टेम्पो रस्त्यानं जातो. आतल्या बाया हसत्यात, कशाला हसल्या ते ऐकू येत न्हाई. मग मी भांडी घासते. घासून झाली की कधी कधी परत घासते. रडत बसायची मला सवय न्हाई, पर दुपार लई लांब वाटती.

हे जे कोन वाचत असतील त्यांनी एवढं करा. शेजारच्या म्हातारीला दुखायची गोळी द्यायच्या आधी तिला इचारा, बाई, तू दुसरी कोनती गोळी घेतीस. ठाव नसंल तर तिची पाकिटं घेऊन डाक्टरला दाखवा. आन इचारायला जाल तवा घडीभर बसा तिच्यापाशी.