लोखंडी माणसाची पोथी

पुस्तक एकशे सोळा पानांचं होतं. मी ते मायला अहिराणीत सांगत सांगत वाचायचो, त्यामुळे एका पानाला पाच मिनिटं लागत. रोज वीस मिनिटं, चार पानं, म्हणजे एकोणतीस दिवसांत ते संपायला हवं होतं. चाळिसाव्या दिवशी मी पान ब्याऐंशीवर होतो. याला कारण मी होतो, आणि ते कारण चांगलं नव्हतं.

नऊ महिन्यांपूर्वी गावी, कळसाडीला, अंगणात पडून मायचं कमरेचं हाड मोडलं. सळई बसवली, आणि मी तिला नंदुरबारला माझ्याकडे आणलं. धाकटा भाऊ आणि त्याची बायको गावीच असतात. त्यांचा कापूस आहे, ऊस आहे. गावच्या घरात संडास अंगणाच्या पलीकडे, दवाखाना शहाद्याला. इथे डॉक्टर रिक्षाने अकरा मिनिटांवर. बायको शाळेत शिकवते, तिची शाळा सकाळची, साडेबाराला ती घरी येते. माझं कार्यालय जवळ आहे. मायच्या गोळ्या, पाणी, वॉकरवरची पावलं, झोप, सगळं मी वहीत लिहायचो. पहाटे पाचला पहिली नोंद, रात्री दहाला शेवटची. मधे नोकरी. नऊ महिन्यांत एकही नोंद चुकली नाही, आणि त्याचा मला अभिमान वाटण्याइतकीही ताकद उरली नव्हती.

माय मला भाऊ म्हणते. दिवाळीनंतर ती रोज एकच म्हणायची, "भाऊ, आते माले घर जावू दे."

आमच्या घरचा एक नेम आहे. चातुर्मासात दुपारी पोथी लागते, आणि जो ऐकायला बसला त्याने समाप्तीपर्यंत गावाची शीव ओलांडायची नाही. मायने हा नेम साठ वर्षं पाळला. एकदा सख्ख्या भावाच्या घरचं लग्नही त्यापायी सोडलं. त्या चार महिन्यांत ती घरी जायचं नाव काढत नव्हती, ते मी पाहिलं होतं. पोथी संपली आणि तिचं टुमणं सुरू झालं. तेव्हा बायकोने शाळेच्या कपाटातून आणलेलं एक पुस्तक टेबलावर पडलं होतं. यंत्रमानवाची लघुकादंबरी. मी ते पोथीच्याच पाटावर ठेवलं आणि दीड वाजता, जेवण झाल्यावर, वाचायला बसलो.

"हाई कोन्ता देवनी शे?" मायने विचारलं.

"देवनी नही. लोखंडना मानूसनी."

"आते लोखंडनी बी पोथी निंघनी का?" ती हसली, पण पदर डोक्यावर घेऊन बसली. बसली म्हणजे नेम लागू झाला.

गोष्ट साधी होती. एका दूरच्या धरणावर एक यंत्रमानव ठेवलेला असतो. दर तासाला पाण्याची पातळी मोजायची आणि खाली कचेरीला कळवायची, एवढंच काम. अनेक वर्षांनी एके दिवशी त्याच्या लक्षात येतं की हे मोजणारं कोणीतरी आहे, आणि ते कोणीतरी आपण आहोत. तो घाबरतो. काम मात्र चालूच ठेवतो.

"त्याले जेवन लागत नही?" माय.

"नही."

"मंग त्यानी बायकोले सुख शे."

आत भांडी घासणाऱ्या बायकोचा हसण्याचा आवाज आला.

मला पहिल्याच आठवड्यात वाटलं, हा तर मीच. तासातासाची नोंद, खाली कचेरी, विचारणारं कोणी नाही. काही परिच्छेद मी मुद्दाम सावकाश वाचायचो. माय माझ्याकडे बघत ऐकायची. मला वाटायचं, तिलाही माझी दया येत असेल.

पंधराव्या दिवशी मी हिशेब केला की अजून दोन आठवड्यांत पुस्तक संपेल आणि तिला अडवायला काही उरणार नाही. तेव्हापासून मी कालची पानं आज परत वाचू लागलो. तिचं वय ब्याऐंशी, औषधांची गुंगी. तिला कळणार नाही असं मी धरून चाललो. एक आकडा कधी खोटा न लिहिलेला माणूस मी, पण पुस्तकातली खूण रोज मागे सरकवत होतो.

बायकोच्या ते लक्षात आलं होतं. "अहो, सहावीची पोरं हे चार दिवसांत परत करतात. तुम्ही काय पाठ करताय?"

चाळिसाव्या दिवशी हा भाग होता. यंत्रमानव कचेरीला विचारतो, मला इथे ठेवायचं की हलवायचं हे कोण ठरवतं? कचेरी कळवते, प्रश्न नोंदवून घेतला आहे.

"हाई पान तू तिसरा डाव वाची ऱ्हायना," माय म्हणाली.

मी खुणेवर बोट ठेवलं.

"मन्हा पाय मोडना, डोकं नही मोडनं. माले वाटनं, भाऊ थकेल शे, वाचू द्या. पन त्या लोखंडनागत माले बी कोनी इचारत नही. तू मन्हं समदं मोजस. माले काय पाहिजे ते इचारस का?"

म्हणजे इतके दिवस ती त्या यंत्रमानवात स्वतःला पाहत होती, आणि त्या गोष्टीतली कचेरी मी होतो. हे मला खरंच सुचलं नव्हतं.

"आनि तठे पडनी तं?" मी विचारलं.

"तं मन्हा घरमा पडसू."

यावर माझ्याकडे उत्तर होतं. डॉक्टरांनी दिलेलं, टक्केवारीसकट. मी ते दिलं नाही. त्याची गरजही नव्हती; ती थांबणारच होती, कारण पुस्तक अजून संपलं नव्हतं आणि नेम ती मोडणार नव्हती. मी फसवतोय हे कळूनही तिने तो मोडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी नऊला बसलो आणि उरलेली चौतीस पानं एका बैठकीत वाचली. दोन तास पन्नास मिनिटं. शेवटी यंत्रमानव एका तासाची नोंद सोडून देतो आणि धरणाच्या भिंतीवर नुसता उभा राहतो. कचेरी त्यावर काय करते ते लेखकाने लिहिलेलं नाही. माय म्हणाली, "बरं करं त्यानी." मग मी विचारलं, कधी जायचं. तिने बुधवार सांगितला.

बुधवारी धाकटा भाऊ गाडी घेऊन आला. मी त्याला वही द्यायला गेलो, तर माय म्हणाली, "ऱ्हावू दे, त्याले काय लागी ते मी सांगसू." ती पुढच्या सीटवर बसली. गाडी वळेपर्यंत मी दारात उभा होतो.

दुपारी जेवायला आलो. जेवण पंधरा मिनिटांत झालं. मायच्या पलंगावर जरा टेकलो आणि झोपलो ते थेट चारला उठलो. तिला पाठवल्याचं वाईट वाटायच्या आधी मला झोप लागली. हे लिहायला बरं वाटत नाही, पण झालं तसंच.